खड्ड्यातल्या बाई आणि झुडपातले बुवा

बँकेच्या खिडकीमागे बसून ज्याने वीस वर्षं लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या, त्याचा पहिल्या नजरेत कशावरच विश्वास बसत नाही. आमच्या लग्नात नोंदणीच्या कागदावर सौ.ने सही केली तेव्हा माझी मान आपोआप तिरकी झाली आणि 'वेलांटी जरा वेगळी वाटते' असं मी पुटपुटलो, अशी आख्यायिका माझ्या सासुरवाडीत अजून सांगतात. मी ती खोडत नाही. खोडलं की खोडल्या जागी पुन्हा पूर्ण सही करावी लागते.

अशा माणसापुढे आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या काकांनी एका रविवारी सकाळी एक प्रकरण आणून टाकलं. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या घरात रेडिओ हा कर्ता पुरुष आहे, आणि काका त्याचे धाकटे भाऊ.

"अरे, विलायतेत एका बाईनं रात्री रानात बसून चेलो वाजवला आणि झुडपातून एका पाखरानं तिला साथ केली. एकोणीसशे चोवीस साल. सगळं रेडिओवरून गेलं. दहा लाख माणसांनी ऐकलं!"

मी कॉमर्सचा पदवीधर. सेलो मला ठाऊक होतं, सेलूही ठाऊक होतं. एक पाण्याची बाटली आणि दुसरं परभणी जिल्ह्यातलं गाव. त्यांच्या मधली चेलोची जागा माझ्या आयुष्यात रिकामी होती. काकांनी ती तिथल्या तिथे भरली. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. व्हायोलिन हनुवटीखाली धरतात, हा इतका दांडगा की खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांत धरावा लागतो. चार तारा, आवाज खर्जाकडचा. जुन्या हिंदी चित्रपटात नायिका पत्र वाचते, तिच्या तोंडून शब्द फुटत नाही आणि मागे कुणीतरी तिच्यावतीने घुमत राहतं, ते घुमणं पुष्कळदा चेलोचं असतं. आपल्याकडे ते बहुतेक गोव्याच्या वादकांनी वाजवलं आणि नाव नायिकेचं झालं.

"काका, पण पाखराने साथ केली कशावरून? ते आपलं आपलं गात असेल."

"तू ना, देवळात गेलास तरी घंटेची पावती मागशील," असं म्हणून काका निघून गेले. प्रकरण मात्र माझ्या टेबलावर राहिलं. आणि टेबलावर आलेला कागद न वाचता पुढे सरकवायचा नाही, ही सवय आता मरेपर्यंत सुटायची नाही.

तर बाईंचं नाव बिआट्रिस हॅरिसन. जन्म ९ डिसेंबर १८९२, ठिकाण रुडकी. होय, आपल्या उत्तरेतली रुडकी! वडील लष्करात, इंजिनीयरांच्या पलटणीत. बाई तान्ही असतानाच कुटुंब मायदेशी परतलं, त्यामुळे 'आमच्या रुडकीची पोर' म्हणून मिरवण्याइतका आधार आपल्याकडे नाही. पण जन्मदाखल्यावरची नोंद ती नोंद. एकूण चौघी बहिणी आणि चौघीही संगीतात. थोरली मे व्हायोलिन वाजवायची, मग ही चेलोवाली, मग मोनिका गायची, आणि धाकटी मार्गारेट पुन्हा व्हायोलिन. आमच्या चाळीत एका मुलीची पेटी सुरू झाली तरी वर-खाली खिडक्या बंद व्हायच्या. या घराच्या शेजाऱ्यांनी काय सोसलं असेल त्याची इतिहासात नोंद नाही. मुलींच्या संगीतासाठी वडिलांनी लष्कर सोडलं, हे मात्र नोंदलेलं आहे. पेन्शन वगैरेचा हिशेब त्यांनी कसा जमवला हे मी बराच वेळ शोधत बसलो होतो.

बिआट्रिस बर्लिनला जाऊन ह्यूगो बेकर नावाच्या गुरूंकडे शिकली. पुढे एवढी मोठी झाली की डेलियस या संगीतकाराने तिच्यासाठी रचना केल्या. एल्गर हे इंग्रजी संगीतातलं थोरलं नाव. त्यांचा चेलोचा कॉन्चेर्टो १९१९ साली पहिल्यांदा लोकांसमोर आला तो नीट तालमी न झाल्याने सपाटून पडला. तीच रचना ग्रामोफोनवर आणायची वेळ आली तेव्हा एल्गरनी या बाईंना बोलावलं आणि स्वतः समोर उभं राहून वाद्यवृंद चालवला. १९२८ साली पूर्ण रचनेचं ध्वनिमुद्रण झालं तेही दोघांचंच. हे एवढ्यासाठी सांगतो की, रात्री खड्ड्यात बसून पाखरांना चेलो ऐकवणारी बाई म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते बरोबर नाही. ही रिकामटेकडी हौस नव्हती. आपल्याकडच्या एखाद्या नावाजलेल्या बुवांनी सवाई गंधर्वची बैठक आटोपून परत येताना कात्रजच्या घाटात गाडी थांबवावी आणि दरीकडे तोंड करून मालकंस लावावा, तसला हा प्रकार.

हॅरिसन कुटुंब १९२० नंतरच्या काळात लंडनच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर, सरे परगण्यात ऑक्स्टेडजवळच्या फॉइल रायडिंग नावाच्या जुन्या घरात राहायला गेलं. भोवती बाग, बागेला लागून रान. वसंतात एका संध्याकाळी बाई रानाच्या कडेला रियाजाला बसल्या. एक तुकडा वाजवून थांबल्या तर झुडपातून उत्तर आलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा आलं. त्यांनी चेलोवर सूर थरथरवत वर नेला, खाली आणला, आणि तो पक्षी तिसऱ्या सुराचं अंतर धरून मागे येत राहिला. म्हणजे बाई षड्जावर तर हा गांधारावर. हे बाईंचं स्वतःचं म्हणणं आहे, त्यांच्या आत्मचरित्रातलं. ते १९८५ साली, म्हणजे त्या वारल्यावर वीस वर्षांनी प्रसिद्ध झालं. उलटतपासणीला साक्षीदार हजर नाही.

हा पक्षी म्हणजे नाइटिंगेल. आणि इथे मला आमच्या भाषांतरकारांबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत. हा पक्षी महाराष्ट्रात नाही. तो आफ्रिकेतून उडत निघतो, एप्रिलच्या मध्याला इंग्लंडात उतरतो आणि जूनच्या सुरुवातीला गप्प होतो. आता जो पक्षी आपल्याकडे नाहीच त्याला मराठीत काय म्हणायचं? कुणी त्याला बुलबुल केलं. आपला बुलबुल वेगळ्या घराण्यातला, डोक्यावर तुरा आणि शेपटीखाली लाल डाग मिरवणारा खुशालचेंडू. कुणी कोकिळा केलं. सरोजिनी नायडूंना इंग्रजीत 'नाइटिंगेल' म्हटलं की मराठीत त्या भारतकोकिळा होतात, आणि लताबाईंना गानकोकिळा म्हटलं की इंग्रजीत त्या उलट फिरून 'नाइटिंगेल' होतात. खात्यावरची रक्कम तीच, फक्त खाती बदलत राहतात. शिवाय दोन्हीकडे मूळ चूक एकच. 'कुहू' ओरडतो तो कोकीळ, नर; कोकिळाबाई नुसतं 'किक् किक्' करतात. आणि नाइटिंगेलमध्येही गाणारे बुवाच. इंग्रज कवींनी शतकानुशतकं त्याला विरहिणी करून रडवलं, इकडे आपण कोकिळेला पाटाच्या साड्या नेसवल्या, आणि दोन्ही नर आपापल्या फांदीवर बसून हे मुकाट सहन करत राहिले.

दिसायलाही बुवा काही खास नाहीत. चिमणीहून किंचित मोठे, रंग भिजलेल्या पुठ्ठ्याचा. सगळी मालमत्ता गळ्यात. एकेका नराजवळ दीडदोनशे निरनिराळे तुकडे असतात म्हणतात. मला वाढदिवसाचं गाणं दुसऱ्या ओळीपलीकडे झेपत नाही.

बाईंच्या मनात आलं, हे रेडिओवर गेलं पाहिजे. बीबीसी तेव्हा दीड वर्षाचं बाळ होतं, आणि कॉर्पोरेशन नव्हे तर कंपनी होतं. (आपल्या मुंबईचं आकाशवाणी केंद्र तेव्हा पोटातसुद्धा नव्हतं, ते २३ जुलै १९२७ला सुरू झालं.) बीबीसीचे मुख्य जॉन रीथ म्हणजे स्कॉटलंडच्या पाद्र्याचे चिरंजीव, उंच, करडे, शिस्तीचे. त्यांच्यापुढे जाऊन एका बाईंनी सांगितलं, की माझ्या बागेत एक पक्षी आहे, त्याला रेडिओवर घ्या. आमच्या शाखेत असा कर्जाचा अर्ज आला असता तर मी काय शेरा मारला असता ते मला लिहूनच दाखवावंसं वाटतं: 'अर्जदार सक्षम. जामीनदार झुडपात राहतो. ओळखीचा पुरावा नाही. हप्ते भरण्याची खात्री नाही.' रीथसाहेबांच्या हरकती याच धर्तीच्या होत्या. खर्च फार, आणि पक्षी ऐन वेळी गाईलच कशावरून? पण बाईंनी चिकाटी सोडली नाही. शेवटी मंजुरी मिळाली. रीथसाहेबांबद्दल माझा आदर वाढला तो इथे. नियमात न बसणारा अर्ज नाकारणं फार सोपं असतं. मी रोज करतो.

१९ मे १९२४, सोमवार. बीबीसीचे इंजिनीयर सामानाच्या राशी घेऊन बागेत आले. त्यांच्याजवळ मार्कोनी-साइक्स जातीचा नवा मायक्रोफोन होता, तो तेव्हाच्या मानाने फार तिखट कानाचा. बागेतल्या छपरीत आवाज वाढवायची यंत्रं मांडली, तिथून टेलिफोनच्या तारेने आवाज लंडनला. (हा भाग सांगताना काकांचा आवाज खात्याच्या अभिमानाने दाटून येतो. 'टेलिफोनची लाइन होती म्हणून हे सगळं झालं, लक्षात ठेव.') बेत असा होता की लंडनहून सॅव्हॉय हॉटेलच्या बँडचा नाचाचा कार्यक्रम चालू ठेवायचा, आणि बागेत पक्षी गाऊ लागला की तो तोडून इकडे जोडायचं. आपल्याकडे भरल्या मंडपात बँड थांबवून 'आता वधूचे मामा अक्षता टाकतील' म्हणतात तसं.

बाई ठेवणीतले कपडे घालून झुडपाशेजारच्या खड्ड्यात चेलो घेऊन बसल्या. हे मला फार आवडलं. ऐकणारे दहा लाख, बघणारं कुणी नाही, बूड चिखलात, आणि तरी ठेवणीतले कपडे. कार्यक्रम म्हणजे कार्यक्रम.

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. बुवा गप्प. पुन्हा वाजवलं. बुवा गप्प. ससे येऊन तारा कुरतडत होते, असंही सांगतात. तासाहून जास्त वेळ हे चाललं. कल्पना करा. तिकडे लंडनमध्ये बँड वाजतोय, इकडे इंजिनीयर कानाला यंत्र लावून अंधारात बसलेत, बाईंची बोटं दंवाने गार पडली असतील, आणि रीथसाहेबांचा चेहरा प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे. कार्यक्रम संपायला आता फक्त पंधरा मिनिटं उरली होती. आमच्याकडे मार्चअखेरीला रात्री पावणेअकराला एक रुपया जुळत नसतो, तेव्हा व्यवस्थापकांच्या केबिनपासून चहावाल्या पोऱ्यापर्यंत सगळे असेच श्वास रोखून बसतात.

आणि इथेही पावणेअकरालाच जुळलं. बाई तेव्हा रिम्स्की-कोर्साकोव्ह या रशियन संगीतकाराची एक धून वाजवत होत्या. तिचं नाव 'हिंदू गीत'! त्यांच्या 'साद्को' नावाच्या संगीतिकेत हिंदुस्थानातून आलेला एक व्यापारी ते गातो. म्हणजे रुडकीत जन्मलेली बाई, रशियन माणसाने कल्पिलेलं हिंदुस्थानचं गाणं, आफ्रिकेहून आलेला पक्षी, आणि ठिकाण सरे. बुवांना ही धून विशेष पसंत पडली असावी, असं बाईंनी लिहून ठेवलंय. झुडपातून गाणं फुटलं, लंडनचा बँड तुटला, आणि रेडिओच्या पोटातून इंग्लंडभर एक रानपाखरू गायलं. जिवंत रानपक्ष्याचा आवाज असा जागच्या जागेवरून रेडिओवर जाण्याची ही जगातली पहिली वेळ मानतात.

लोक वेडे झाले. गावाकडची हवा सोडून धुरकट शहरात राहायला आलेली माणसं, महायुद्धातून परतून सहा वर्षंही न झालेली माणसं. खंदकातून परतलेल्या एखाद्याने, आपण ज्या अंधारात रात्ररात्र बसलो होतो तसल्याच अंधारात एक बाई आणि एक पक्षी बसलेत हे ऐकलं असेल, तेव्हा त्याला काय वाटलं असेल ते मला सांगता येणार नाही. पत्रांचा पाऊस पडला. नुसतं 'नाइटिंगेलवाल्या बाई, इंग्लंड' एवढ्याच पत्त्यावर पोचलेली पत्रं होती म्हणतात. एकूण आकडा ५० हजार सांगतात. चारही शून्यं इतकी व्यवस्थित बसलेली पाहिली की बँकेतला माणूस चष्मा पुसतो. पण पत्रं फार आली यात शंका नाही. खुद्द पंचमजॉर्ज बादशहा बाईंना म्हणाले की, सगळ्या साम्राज्याला वेढा घालायचं मला जमलं नाही ते तुमच्या नाइटिंगेलांनी केलं. बादशहांना एवढा विनोद जमत असेल अशी माझी कल्पना नव्हती.

मग दरवर्षी मे महिन्यात हा कार्यक्रम ठरूनच गेला. १९२७च्या मे महिन्यात एचएमव्हीची मंडळी सामान घेऊन बागेत आली आणि चेलो व नाइटिंगेल यांच्या तबकड्याही निघाल्या. १९३६ साली बाईंनी ते घर सोडलं.

इथवर काकांचं प्रकरण स्वच्छ होतं. मी मंजुरीचा शिक्का उचललाही होता. इतक्यात दुसरा कागद हाती आला.

२०२२ साली विलायतेच्या वर्तमानपत्रांत बातमी झळकली, की त्या पहिल्या रात्री गायला तो पक्षी नव्हेच! बीबीसीने ऐन वेळी दगा नको म्हणून मोड गूल्ड नावाची एक शीळवाली तयार ठेवली होती. रंगमंचावर तिला मादाम सॅबेरॉन म्हणत. हुबेहूब पक्ष्यांचे आवाज काढणं हा तिचा व्यवसाय. इंजिनीयरांच्या धावपळीने पक्षी पळाले आणि झुडपातून शीळ वाजवली ती बाईने. खड्ड्यात बाई आणि झुडपातही बाईच! असा दावा पक्षिशास्त्राच्या एका नामवंत प्राध्यापकांनी रेडिओवर केला. उलट बाजूची मंडळी उसळली. दरवर्षी तोच कार्यक्रम त्याच बागेतून झाला. नंतरच्या तबकड्यांत अस्सल पक्षी आहे. मग पहिल्याच वर्षी तो नव्हता असं कशावरून?

मी दोन्ही बाजूंचे कागद समोर ठेवले. आणि माझ्या लक्षात आलं की हे प्रकरण बँकेच्या भाषेत अगदी साधं आहे. १९२७ची तबकडी ही नमुना सही. ती कार्डावर आहे, स्पष्ट आहे, खरी आहे. वाद आहे तो १९२४च्या चेकचा. आणि तो चेकच नाही! १९२४ सालचं ते प्रक्षेपण कुणी मुद्रित केलं नाही. पावणेअकराला आवाज हवेत गेला आणि हवेतच राहिला. दहा लाख साक्षीदार आणि एकाही कागदावर काही नाही. वीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा अशा जागी पोचलो, जिथे मान कितीही तिरकी केली तरी ताडून पाहायला समोर काही नव्हतं.

दोन रात्री मला ही गोष्ट सतावत राहिली. सौ. म्हणाली, "अहो, शंभर वर्षांपूर्वीच्या पाखरासाठी तुम्ही जागताय, आणि पाण्याचा पंप कोण बंद करणार?"

पंप बंद करून मी परत कागदांपाशी आलो. पक्षी खरा धरला तरी दुसरा प्रश्न उरतोच, म्हणजे काकांना मी विचारलेला. तो साथ करत होता की आपलं आपलं गात होता? यावर मात्र उत्तर आहे, आणि ते गमतीदार आहे. २०२३ साली जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की नाइटिंगेल दुसऱ्या नराची शीळ ऐकून आपल्या शिळेची पट्टी तिच्याशी जुळवतो. लागलीच, चालू गाण्यात. तेव्हा चेलोचा सूर ऐकून त्याने पट्टी धरली असेल, हे अशक्य कोटीतलं नाही. पण का धरली असेल? इथे पाणी मुरतं. मे महिन्यात रात्री अकराला रानात गळा फोडून गाणारे बुवा बहुधा ते असतात, ज्यांचं अजून लग्न जमलेलं नसतं. म्हणजे बुवांना त्या खड्ड्यात कुणी थोर कलावंत बाई दिसत नव्हत्या. त्यांना वाटलं, आपल्या इलाक्यात एक नवा, दणकट, खर्जाच्या आवाजाचा स्थळ-पाहुणा शिरलाय. आपण ज्याला जुगलबंदी म्हणून डोळे पुसतो ते त्यांच्या बाजूने सरळ जागेचं भांडण होतं. अर्थात आपल्याकडच्या काही जुगलबंद्या ऐकताना मला तोच संशय आलेला आहे.

बाई गेल्यावरही बीबीसीने बागेतला कार्यक्रम चालू ठेवला, आता नुसत्या पक्ष्यांचा. आणि बरोबर अठरा वर्षांनी, १९ मे १९४२च्या रात्री, इंजिनीयर त्याच बागेत मायक्रोफोन लावून बसले असताना लांबून घरघर ऐकू येऊ लागली. ती वाढत गेली. जर्मनीतल्या मानहाइमवर बाँब टाकायला १९७ विमानं निघाली होती आणि त्यांची रांग त्या बागेवरून चालली होती. ही घरघर थेट रेडिओवर गेली असती तर शत्रूला घरबसल्या आगाऊ वर्दी मिळाली असती. इंजिनीयरला हे क्षणात उमगलं आणि त्याने प्रक्षेपण तोडलं. मुद्रणाची तार मात्र चालू राहिली.

ते मुद्रण आहे. कुणालाही ऐकता येतं. काकांनी मला ते ऐकवलं, त्यांच्या बैठकीच्या खोलीत, पंखा बंद करून. आधी नुसता पक्षी. मग त्याच्या मागून जमिनीतून यावी तशी ती घरघर. ती चढत जाते, चढत जाते, खोली भरून टाकते, आणि तिच्यावरून पक्षी गातोच आहे. थांबत नाही, दचकत नाही, पट्टी सोडत नाही. त्या रात्री गेलेल्यांपैकी अकरा विमानं परत आली नाहीत. ती कानांवर पडत असतात तेव्हा ती अकरा कुठली हे आपल्याला ओळखता येत नाही. मानहाइममध्ये त्या वेळी निजायची तयारी करणारी माणसंही असणार. मी हिशेबाचा माणूस, तरी त्या खोलीत माझी बेरीज पुढे सरकेना. काकांनी पंखा लावला आणि कितीतरी वेळ आम्ही चहाच घेतला नाही.

या चेकवर, बघा, सगळ्या सह्या आहेत. पक्षी अस्सल, तारीख अस्सल. फक्त या वेळी बाई नाहीत, आणि चेलोच्या जागी जे आहे ते असं आहे.

बिआट्रिस हॅरिसन १९६५ साली वारल्या. जवळच्याच लिम्प्सफील्डच्या चर्चच्या आवारात, डेलियसच्या शेजारी त्यांना पुरलंय. आणि बुवांचं म्हणाल तर त्यांचं खातं रिकामं होत चाललंय. १९६० नंतरच्या वर्षांत इंग्लंडातले नाइटिंगेल ९० टक्क्यांहून जास्त कमी झाले. त्यांना दाट, अस्ताव्यस्त, काटेरी झुडपं लागतात. माणसांनी ती साफ केली, उरली ती हरणांनी खाल्ली. बाकी तिकडे आफ्रिकेतही काही बरं चाललेलं नाही. १९२४ साली एक बाई चेलो वाजवून थांबली तर उत्तर देणारा कुणीतरी पलीकडे होता. शीळवाली होती की पक्षी होता, यावर आज भांडणाऱ्यांना हे सुचतं की नाही कोण जाणे, की पुढे शीळवालीच तेवढी उरायची.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले, आणि पलंगाखालून एक लांबट पेटी ओढून घेऊन आले. आत बुलबुलतरंग! टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, एका हाताने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने तार छेडायची. एके काळी मध्यमवर्गीय घरांतून हे वाद्य सतारीच्या खालोखाल मानाचं होतं.

"उद्या पहाटे पाच वाजता गच्चीवर ये," काका म्हणाले.

आमच्या इमारतीमागे एक आंब्याचं झाड उरलंय आणि त्यावर उन्हाळ्यात दयाळ गातो. काळा कोट, पांढरा सदरा आणि उभी शेपटी. थेट न्यायालयात निघालेला वकील. पक्षिशास्त्रात दयाळ आणि नाइटिंगेल एकाच कुळातले, म्हणजे आमचा हा बुवांचा चुलत-मावसभाऊ वगैरे. पहाटे पाचला मी गच्चीवर पोचलो तेव्हा काका धुतलेला सदरा-लेंगा घालून, पाण्याच्या टाकीला टेकून, पेटी मांडीवर घेऊन तयार होते. सदऱ्याला इस्त्री होती.

काकांनी वाजवायला सुरुवात केली. पंचाहत्तरीची बोटं, एक बटण अडकत होतं, दोन तारा उतरलेल्या. दयाळ आंब्याच्या शेंड्यावर बसलेला स्पष्ट दिसत होता. गप्प. काकांनी पुन्हा वाजवलं. गप्प. तिसऱ्या मजल्यावरून "कोण आहे रे तिकडे?" असं कुणीतरी ओरडलं. काका थांबले, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले, आणि तेवढ्यात शेंड्यावरून एक लांब, स्वच्छ शीळ आली, मग दुसरी, मग वळणं घेत खाली उतरणारी एक सबंध तान.

काकांचा चष्मा हातातच राहिला. "ऐकलंस?" ते कुजबुजले. "गांधार धरून आला."

वीस वर्षं सह्या ताडलेली माझी मान सवयीने तिरकी व्हायला लागली होती. मी ती सरळ केली.

"हो काका," मी म्हणालो, "गांधारच."